नुसतं आडनाव

शेलारबाईंना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कोण म्हणालं?"

भाजीवाली सखू त्यांच्या पायरीवर टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "बाई, पपई आज साखरेवानी हाय."

"कोण म्हणालं?"

"आता कोन म्हननार? मीच म्हंते."

"खाऊन बघितलीस?"

"इकायची पपई मी कशाला खाऊ?"

"मग पपई पिवळी आहे एवढंच म्हण. तेवढं दिसतंय."

सखू पदर तोंडाला लावून हसायची. बाई पपई घ्यायच्या, कापून खायच्या आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं सांगायच्या, "काल गोड होती. हे मी म्हणते."

बाई गेल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं. माझी नात सारिका म्हणाली, "आबा, तुम्ही तोंडानं सांगा, मी टाइप करते." मी म्हणालो, न्हाई. मी चौथी शिकलोय, पण मराठी लिहायला मला चष्म्याशिवाय कुणाची मदत लागत नाही. मी माझ्या हातानं लिहीन, तू फक्त टाइप कर, आणि माझं वाक्य बदलायचं नाही. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते लिहिणार नाही. बाईंच्या शेजारी राहून एवढं तर मला कळलंय.

मळवलीत मुंबईच्या एका मालकाचा बंगला मी राखतो आणि माझी भाताची खाचरं करतो. बंगल्याला लागून करवंदीचं कुंपण, कुंपणापलीकडं बाईंचं दोन खोल्यांचं घर. लोणावळ्याच्या कॉलेजात त्यांनी सगळी नोकरी ग्रंथालयात केली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर पुण्याचा पुतण्या म्हणाला आमच्याकडं राहा, तर म्हणाल्या, "तुमच्या घरात पुस्तकं टीव्हीखाली ठेवतात." आणि हितं येऊन राहिल्या.

उंची बेताची, आवाज बारीक, चष्मा गळ्यात दोरीला. तो चष्मा डोळ्यावर चढला की समोरच्यानं समजायचं, आता आपल्या बोलण्याची झडती होणार. साडी कायम सुती. पायात पुरुषी चपला, कारण बायकांच्या चपला चिखलात टिकत नाहीत, हे त्या स्वतः तीन जोड घालवून म्हणत.

आठवड्यातून दोन-तीनदा त्यांच्या पडवीत पीएचडीवाले यायचे. कुणी तळेगावचा, कुणी देहूरोडचा, एक तर चिंचवडहून. स्टेशनवर उतरायचे आणि पाठीवर लॅपटॉप घेऊन चालत यायचे. वाट चुकले की माझ्याच फाटकाशी. मी हातानं दाखवायचो, "त्या करवंदीपलीकडं. पन काय बोलायचं ते इचार करून बोला." फी घ्यायच्या नाहीत. अट एकच, चहाचा कप लॅपटॉपच्या टेबलावर ठेवायचा नाही, बाहेर दगडी कठड्यावर ठेवायचा. एका प्राध्यापकानं कप टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, काही सांडत नाही." बाई म्हणाल्या, "कोण म्हणालं?" आणि तो सांगेपर्यंत कप उचलून कठड्यावर नेऊन ठेवला.

त्या काय शिकवायच्या ते मी कुंपणावरून आणि नंतर पडवीत बसून पुष्कळ पाहिलं, म्हणून सांगतो. प्रबंध लिहिणाऱ्याला प्रत्येक गोष्टीमागं सांगावं लागतं की हे कुणाच्या पुस्तकातून घेतलं. त्यासाठी कॉम्प्युटरमधे एक कोठार असतं. त्यात एकेका पुस्तकाचं नाव, लेखक, साल एकदाच भरून ठेवायचं. मग वर्डमधे लिहिताना वाक्य संपलं की वरच्या पट्टीवर दाबायचं, चौकट येते, तीत लेखकाचं आडनाव टाकायचं, पुस्तक निवडायचं, की वाक्याशेजारी कंसात नाव आणि साल आपोआप येऊन बसतं. शेवटच्या पानावर पुन्हा दाबलं की वापरलेल्या सगळ्या पुस्तकांची सूची अक्षरावारी लागते. मधलं एक काढलं तर सूचीतूनही निघतं, नवं घातलं तर जागेवर जाऊन बसतं. गाय दाव्याला बांधलेली असली की खुंटा हलवला तरी ती बरोबर येते, तसं.

पोरं मात्र घाईत नाव हातानं टाइप करून मोकळी व्हायची. बाई त्या नावावर टिचकी मारायच्या. कोठाराशी बांधलेलं असेल तर त्याच्यामागं करडी सावली पडते. हातानं लिहिलेल्याला पडत नाही. "हा मेलेला आहे," बाई म्हणायच्या. "काढ आणि जिवंत घाल." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातलं कोयतं खाली ठेवून कुंपणापाशी गेलो होतो.

माझी आणि बाईंची खरी ओळख बिबट्यावरून झाली. गावात बोलवा उठली की बंगल्यांच्या मागं बिबट्या फिरतो. बायका सरपणाला जाईनात. बाईंनी चपला घातल्या आणि दुकानदाराला विचारलं, कोण म्हणालं? तो म्हणाला, रिक्षावाला दत्तू. दत्तू म्हणाला, दूधवाला. दूधवाल्यानं गुरवाचं नाव सांगितलं, गुरवानं आणखी कुणाचं. असं फिरत फिरत बाई दिवेलागणीच्या आधी माझ्या फाटकाशी आल्या. चष्मा डोळ्यावर.

"ठोंबरे, बिबट्या तुम्ही पाहिलात?"

"ठसं पायले."

"कशाचे?"

"मंग काय मांजराचं आसत्यात एवढं?"

"म्हणजे ठसे पाहिले, बिबट्या नाही."

"ठसं आपल्या आपन चालत येत्यात व्हय?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही ठसे पाहिले, एवढं मी गावात सांगते. तुमच्या नावानं." आणि परत त्याच वाटेनं सांगत गेल्या. बिबट्याच होता. मी आजही म्हणतो. पण त्या दिवसापासून बाई माझ्याशी बोलायला लागल्या, कारण, त्या म्हणाल्या, सगळ्या रस्त्यात स्वतःच्या नावावर घेणारा मी एकटाच भेटलो. बाकीचे सगळे 'लोक म्हणतात' म्हणाले.

मग सारिकाचं प्रकरण. ती तळेगावच्या एका कॉलेजात तासावर शिकवते. कायम व्हायचं तर पीएचडी पाहिजे. विषय घेतला मावळातली भातशेती आणि तिच्यातले शब्द. सहा वर्षं लागली. मधे लग्न, मधे बाळंतपण, मुदत एकदा वाढवून घेतलेली, आता पुन्हा मिळणार नव्हती. शुक्रवारपर्यंत प्रबंध पोचला नाही तर नाव कटलं असतं. त्या शेवटच्या आठवड्यात ती पोराला सासूजवळ ठेवून माझ्याकडं राहायला आली आणि दिवसभर बाईंच्या पडवीत.

सोमवारी बाई तिचं एक पान वाचत होत्या. पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा, शेणकूट पसरून भाजतात, त्याला आम्ही राब म्हणतो. सारिकानं लिहिलं होतं, मावळात राबाला पहिली काडी घरातली सगळ्यांत म्हातारी बाई लावते.

"कोण म्हणालं?"

"आमचे आबा."

बाईंनी कुंपणावरून हाक मारली. मी गेलो. कठड्यावर बसलो.

"ठोंबरे, ही पद्धत सगळ्या मावळात आहे?"

"हाय की."

"दुसऱ्यांचे राब भाजताना तुम्ही तिथं होतात?"

"मला काय दुसऱ्याच्या रानात काम? माझी आजी लावायची, मग आई, मग आमची कारभारीन."

"म्हणजे तुमच्या घरात."

"गावात म्हना."

"गावातल्या कुणाच्या घरात पाहिलंत?"

बाईंनी सारिकाला वाक्य सांगितलं: मळवलीतल्या ठोंबरे यांच्या घरात पहिली काडी घरातली म्हातारी लावते. "कमी म्हण, पण नावानिशी म्हण," त्या म्हणाल्या. सगळा मावळ त्यांनी माझ्या घराएवढा केला. मी उठून निघालो तर म्हणाल्या, "थांबा, तुमचं नाव सूचीत घालायचंय. मुलाखत म्हणून."

मग थांबलो.

सारिकानं कोठारात नाव भरलं आणि दाबलं. सूचीत आलं, 'ठोंबरे, सोपान'.

"उलटं का?" मी विचारलं.

"सगळ्यांचंच तसं आहे, आबा."

"बरं, आन् म्होरं श्री?"

सारिका बाईंकडं बघायला लागली. तिलाही अवघड वाटत होतं, आजोबाचं नुसतं नाव लिहायला. बाई म्हणाल्या, "सूचीत कुणालाच श्री नाही."

"मी कुनाचं काय खाल्लंय का, श्री काढून घ्यायला?"

"तुम्हाला दिलेलाच नव्हता," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी त्यांचा चहा घेतला नाही.

संध्याकाळी सारिकानं फाइल तिच्या मार्गदर्शकांना पाठवली. जगदाळे सर, तळेगावचे. माणूस भला, सारिकाला पोरीसारखं वागवलं. त्यांची सही झाली की काम संपलं. मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. सारिकानं तो पायरीवर उभ्यानंच घेतला. सरांचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता.

"माझं लिहिलेलं खोडायचं होतं तर तोंडावर सांगायचं होतं. मी सही करणार नाही." आणि फोन बंद.

झालं होतं असं, हे बाईंनी सरांकडून परत आलेली फाइल उघडून काढलं. आदल्या आठवड्यात सरांनी फाइल वाचली, तेव्हा सूचीत त्यांच्या गुरूंचं नाव नुसतं 'ठोसर' असं बघून त्यांना राहवलं नाही. ते ठोसरांच्या घरी राहून शिकलेले. त्यांनी एका बोटानं टाइप करत, ठोसरांची जेवढी पुस्तकं सूचीत होती त्या प्रत्येकापुढं 'कै. डॉ.' असं हातानं लिहिलं. सारिकाला बोलले नाहीत, तिनंही पाहिलं नाही. आणि सोमवारी माझं नाव घालताना तिनं दाबलं, तेव्हा यंत्रानं सगळी सूची कोठारातून नव्यानं मांडली. सरांचं हातानं लिहिलेलं सगळं पुसलं गेलं.

म्हणजे माझं नाव आत आलं आणि ठोसरांचा मान बाहेर गेला. सारिका रडून म्हणाली, "आबांचं नाव काढते, सरांचं परत हातानं लिहिते, मला सही पाहिजे." मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

बाईंनी लॅपटॉप मिटला. "तू काही काढायचं नाहीस. दे तो फोन." आणि फोनवर म्हणाल्या, "जगदाळे, मी शेलार बोलतेय, ग्रंथालयातून." निवृत्त होऊन वर्षं झाली तरी बाई फोनवर 'ग्रंथालयातून'च बोलायच्या. सर तरुणपणी त्याच कॉलेजात होते. "उद्या दुपारी माझ्याकडं जेवायला या. तुमच्या मनासारखी सूची करून देते."

सारिका म्हणाली, "बाई, तुम्ही हातानं लिहू देणार?"

"हातानं कोण म्हणालं?"

बुधवारी सर आले. पांढरा सदरा, हातात पिशवी, तोंड फुगलेलं. सारिकाकडं बघितलं नाही. बाईंनी आंबेमोहोराचा भात, वाल आणि ताक वाढलं. जेवताना एक शब्द कामाचा काढला नाही. हात धुतल्यावर लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

"सर, तुम्ही लिहिलेलं पोरीनं खोडलं नाही. यंत्र सूची दरवेळी कोठारातून मांडतं. वरवर लिहिलेलं त्याला दिसत नाही. तेव्हा मान द्यायचा तर कोठारात द्यायचा. मी दिलाय."

सरांचा चेहरा जरा सैल झाला. "एवढंच माझं म्हणणं होतं, बाई. ज्यांनी घडवलं त्यांचं नुसतं आडनाव, हे मला बघवत नाही."

"पण एक आहे. ग्रंथालयात पक्षपात चालत नाही. जे जे गेले त्या सगळ्यांना कै. लावलाय. जे डॉक्टर त्यांना डॉ. बायकांना श्रीमती. आणि या ठोंबऱ्यांना श्री, ते परवापासून रुसलेत."

मी म्हणालो, "रुसलो न्हाई."

"आता शोधा तुमच्या गुरूंना."

सरांनी चष्मा पुसला आणि सूचीत ठ काढला. ठ मधे ठोसर नव्हते. खाली गेले, वर गेले. शेवटी बाईंनी बोट ठेवलं. ठोसर क मधे होते, सगळ्या कैलासवासी लोकांबरोबर. मेलेले एका जागी, प्राध्यापक एका जागी, बायका एका जागी. आमच्या गावकीच्या पंगतीत पूर्वी बसवायचे, अगदी तसं.

सर वाचायला लागले. "कै. डॉ. ठोसर... कै. डॉ. ठोसर..." आणि थांबले. ठोसरांच्या शेवटच्या पुस्तकाखाली, त्यांना चिकटून, 'कै. डॉ. सातपुते' आलं होतं.

"हे इथं कसे?"

"दोघंही डॉक्टर, दोघंही गेलेले," बाई म्हणाल्या.

"बाई, हे दोघं आयुष्यात एका मांडवात आले नाहीत. सातपुते व्याख्यानाला असले की आमचे सर घरातून निघायचे नाहीत. एकमेकांच्या पुस्तकांवर नुसती चिखलफेक."

"आता बसलेत मांडीला मांडी लावून. तुम्हीच बसवलंत."

मला हसू आलं. सरांनी माझ्याकडं रागानं बघितलं आणि मग त्यांनाही हसू फुटलं, दाबायला गेले तर ठसका लागला. सारिकानं पाणी दिलं. ते त्यांनी तिच्या हातून घेतलं.

मी म्हणालो, "बाई, माझा श्री कुटं गेला त्ये दावा."

बाईंनी खाली खाली नेलं, श्रीमतींच्या अगदी अलीकडं, शेवटाला. तिथं मी एकटाच. आमच्या घरचा माणूस असा पंगतीच्या टोकाला, आचाऱ्यापाशी कधी बसलेला नाही.

"काढा त्यो श्री," मी म्हणालो.

सर पाण्याचा पेला हातात धरून बसले होते. "आमचाही काढा. डॉ. काढा."

"आणि कै.?"

त्याला मात्र ते लगेच हो म्हणेनात. बाईंनी मग प्रबंधाचं मधलं एक पान उघडलं. "वाचा. तुमच्या विद्यार्थिनीनं काय लिहिलंय."

सरांनी मोठ्यानं वाचलं, "शेतकऱ्याचा शब्द अवजाराइतकाच हाताळून गुळगुळीत झालेला असतो, असे ठोसर म्हणतात."

"म्हणतात," बाई म्हणाल्या. "म्हणाले नाही. प्रबंधात गेलेला माणूसही म्हणतोच, सर. इथं कुणी कैलासवासी नसतं. नाव लिहायचं ते मानासाठी नाही. पुढं कुणाला ते पुस्तक लागलं तर त्याला आपला माणूस सापडावा म्हणून. गुरुवर्य, पूज्य, काय लिहायचं ते ऋणनिर्देशात लिहा, पानभर लिहा. ती पोरगी लिहील."

सरांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनातल्या मनात, नुसते ओठ हलत होते. "म्हणायचेच ते असं," ते म्हणाले. मग म्हणाले, "कै. काढा."

बाईंनी कोठारातून सगळं काढलं आणि दाबलं. सूची हलली आणि ठोसर ठ मधे आले, सातपुते लांब खाली गेले. आणि ठोसरांच्या बरोबर वर आलं, 'ठोंबरे, सोपान'.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"हे काय, तुमच्यासमोर कठड्यावर बसलेत. त्यांच्या घरात राबाला पहिली काडी म्हातारी बाई लावते."

सरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ठोसरांच्या वर?"

"वयानं नाही, अक्षरानं," बाई म्हणाल्या.

मी जरा ताठ बसलो. सही तिथंच पडवीत झाली. शुक्रवारी प्रबंध पोचला. त्याची एक प्रत माझ्या घरात कपाटावर आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं येऊन सूची बघावी. मी वर आहे.

सारिका डॉक्टर झाली तेव्हा पेढे घेऊन पहिली बाईंकडं गेली. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि मला म्हणाल्या, "गोड आहे, हे मी म्हणते. बरं का डॉक्टरांचे आजोबा, आता तरी सांगा, बिबट्या पाहिला होता का?"

"ठसं पायले," मी म्हणालो.

त्यानंतरच्या वर्षी त्यांचं चालणं कमी झालं. पडवीतून उठताना दम लागायचा. विद्यार्थ्यांना म्हणायच्या, "तुम्ही दाबा, मी बघते." शेवटी पुतण्या आला आणि छातीच्या ऑपरेशनला पुण्याला न्यायचं ठरलं. हॉस्पिटलात काय झालं ते मी पाहिलं नाही, म्हणून ते लिहीत नाही. मी पाहिलं ते फाटकापाशी पाहिलं.

पुतण्यानं गाडी करवंदीला लावून उभी केली होती. बाईंनी घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडं दिली, आणि चपला हातात घेऊन गाडीत बसल्या, गाडीत चिखल नको म्हणून. खाचरात भात तेव्हा निसवत होता, नुकत्या लोंब्या बाहेर पडत होत्या. गाडी सुरू झाली तसा मी काचेशी गेलो.

"बाई, कापनीला तुमी हितं आसनार. बऱ्या होऊन."

काच खाली आली. बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यावर चढवला.

"कोण म्हणालं?"

"मी म्हंतो."

"डॉक्टरांशी बोललात?"

"न्हाई."

माझ्याकडं त्या बघत राहिल्या. मला वाटलं आता माझी पपई होणार, भात हिरवा आहे एवढंच म्हणा, असं काहीतरी ऐकावं लागणार. पण त्यांनी चष्मा उतरवला आणि पुढं बसलेल्या पुतण्याच्या खांद्याला बोट लावलं.

"लक्षात ठेव रे," त्या म्हणाल्या. "ठोंबरे म्हणतात."

काच वर गेली. गाडी स्टेशनच्या वळणाला लागेपर्यंत मी किल्ली हातात घेऊन फाटकापाशी उभा होतो.